माणसे निराश करतात तेव्हा: दुखणे आधी कुठे न्यायचे

शरणपूरपासून नाशिकरोड-देवळालीपर्यंत कितीतरी ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर एक वचन हमखास दिसते: ‘तू आपला भार परमेश्वरावर टाक, म्हणजे तो तुझा पाठिंबा होईल.’ स्तोत्र ५५, वचन २२. घरात आजारपण आले, कुणाची नोकरी गेली, की हेच वचन आपण एकमेकांना सांगतो. त्याच स्तोत्रातली १२ ते १४ ही वचने मात्र कुणी फ्रेम करून लावत नाही. तिथे दावीद म्हणतो की निंदा करणारा शत्रू असता तर मी सोसले असते, पण हा तर माझा जिवलग, माझ्या बरोबरीचा. आम्ही दोघे गोड गोष्टी बोलत, लोकांच्या मेळ्यातून देवाच्या घरी जात होतो. म्हणजे दावीद जो भार टाकायला सांगतो तो आधी त्याच्या स्वतःच्या खांद्यावर होता, आणि तो दिलेला होता देवळात शेजारी बसणाऱ्या माणसाने.

हा लेख त्याच भाराविषयी आहे. उसने पैसे घेऊन आता फोन न उचलणारा मित्र. वडिलोपार्जित प्लॉटच्या कागदांवर परस्पर सही करून मोकळा झालेला भाऊ. साखरपुडा झाल्यावर लग्न मोडणारे घर. पुण्याला गेल्यापासून नाताळलाच आठवण होणारा मुलगा. दवाखान्यात आठवडे काढले तरी एकदाही न फिरकलेली मंडळी. अशा वेळी ‘माणसांवर भरवसा ठेवूच नये, देवावरच ठेवावा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. स्तोत्र ११८:८ मध्ये त्या अर्थाचे वचन आहे, आणि ते खरेच आहे. पण ज्याचे काळीज आत्ताच फाटले आहे त्याला त्यातून दिलासा मिळत नाही, आपणच मूर्ख ठरलो एवढेच त्याला ऐकू येते.

माझ्या मते दिलासा मिळण्या-न मिळण्याचा बराचसा प्रश्न क्रमाचा आहे. दुखावलो की आपण आधी बहिणीला फोन करतो. मग बुधवारच्या प्रार्थनासभेत तोच विषय ‘प्रार्थनेची विनंती’ म्हणून सांगतो. मग व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर एखादे बोचरे वचन चढते. ज्याने दुखावले त्याला सगळ्यांत शेवटी आणि दुसऱ्याच्या तोंडून कळते. देवाजवळ जाईपर्यंत आपण बोलून बोलून रिकामे झालेलो असतो. शास्त्रातला क्रम याच्या अगदी उलट आहे: आधी देव, मग ते माणूस, मग मंडळी. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिले दोन दिवस काहीच ठरवू नका

१ राजे १९ मध्ये एलीया देवाजवळ मरण मागतो. कर्मेल डोंगरावर लोकांनी त्याच्यासमोर ‘परमेश्वर हाच देव’ अशी आरोळी ठोकली होती, आणि लगेच ईजबेलीची धमकी आली तेव्हा त्यांतला एकही त्याच्या पाठीशी उभा नव्हता. रानात एका झुडपाखाली तो झोपी गेला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ‘ऊठ, खा’ एवढेच म्हटले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाण्याची सुरई होती. तो जेवला, पुन्हा झोपला, त्याला पुन्हा उठवून जेवू घातले. ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देवाने विचारला तो त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर.

म्हणून आधी वेळेवर जेवा, मग ते वरणभात का असेना. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. मंडळीच्या ग्रुपमधून बाहेर पडू नका, कमिटीचा राजीनामा लिहू नका, वाटणीच्या कागदावर सही करू नका. उत्तर लिहिल्याशिवाय चैन पडत नसेल तर वहीत लिहा, फोनवर नको. फोनवर लिहिलेले चुकून का होईना, जाते.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती पुढे ढकलण्यासारखी नाही. झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर आधी घरातल्या एका माणसाला ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. मनाच्या डॉक्टरकडे गेल्याने विश्वास कमी ठरत नाही. एलीयाला सुद्धा आधी भाकर मिळाली, दर्शन नंतर.

मग तक्रार देवाकडे न्या, आणि ती शब्दांत मांडा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त टाळली जाते. लहानपणापासून आपल्याला प्रार्थनेची सुरुवात उपकारस्तुतीने करायला शिकवले आहे. सवय चांगलीच आहे. पण त्यामुळे अनेकांना वाटते की देवासमोर रागाचे शब्द काढणे म्हणजे पाप. मग ओठांवर ‘प्रभू, तुझे आभार’ आणि पोटात भावाचे नाव, अशी प्रार्थना चालते. तिच्यातून दिलासा मिळत नाही, कारण खरे दुखणे तिच्यात आलेलेच नसते.

स्तोत्रसंहिता उघडून पाहा. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचे आहे आणि त्यात ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र १४२ मधला माणूस म्हणतो की मला ओळख दाखवणारा कोणी नाही, माझ्या जिवाची कोणाला काळजी नाही. स्तोत्र ४१ मध्ये ज्याने माझे अन्न खाल्ले त्यानेच माझ्यावर लाथ उगारली अशी तक्रार आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. शेवटी आनंदाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते प्रार्थना म्हणूनच आहे. येशूनेही हीच स्तोत्रे उचलली. यहूदाविषयी बोलताना त्याने स्तोत्र ४१ मधले वचन घेतले, हे योहान १३:१८ मध्ये आहे, आणि वधस्तंभावर स्तोत्र २२ चे पहिले वचन. देवाच्या पुत्राला जे शब्द चालले ते आपल्याला जड का वाटावेत?

प्रत्यक्षात हे असे करता येते. दिवसाची एक वेळ ठरवा, शक्यतो घर उठायच्या आधीची. एक साधी वही घ्या. वरच्यांपैकी एक स्तोत्र मोठ्याने वाचा, कुजबुजत का होईना, पण मोठ्याने. मग वहीत देवाला उद्देशून लिहा, आणि तीन गोष्टी लिहिल्याशिवाय वही मिटू नका. काय घडले ते: ‘प्रभू, दादाने मला न विचारता कागद केले.’ त्याने माझे काय गेले ते: ‘पैशापेक्षा, आईनंतर घरात माझे म्हणणारे कोणी आहे हा आधार गेला.’ आणि मला तुझ्याकडून काय हवे ते: ‘मला न्याय हवा. ते आत्ता नसेल तर आज रात्री झोप तरी दे.’

मधली ओळ लिहायला वेळ लागतो. तिथेच थांबा, घाई करू नका. लोक पहिली ओळ पानभर लिहितात, कारण घटना सांगायला सोपी असते. पण सांत्वन हवे असते ते दुसऱ्या ओळीतल्या गोष्टीला. ती गोष्ट लिहिली गेली की प्रार्थना बदलते. मग ‘देवा, दादाला धडा शिकव’ यापुढे जाऊन ‘देवा, मला तुझी म्हण’ असे मागता येते, आणि या मागण्याला शास्त्रात थेट उत्तर आहे: ‘माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील.’ स्तोत्र २७:१०. हे वचन त्या दिवशी वाचून पाहा. रोजच्यासारखे वाटत नाही.

घरी एकांत नसेल, आणि दोन खोल्यांच्या घरात तो नसतोच, तर बाहेर जागा शोधा. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेला मुंबई-वसईपासून माणसे येतात, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. एरवीच्या दिवशी तिथे निवांत बसता येते. तुम्ही कॅथलिक नसलात तरी तिथे कोणी तुम्हाला विचारायला येणार नाही. कुणी रोज सकाळी सोमेश्वरच्या बाजूला चालायला जात असेल तर ती वाटही चालेल.

हे किती दिवस करायचे? माझा अनुभव असा की एकाच तक्रारीचे तेच तेच शब्द येऊ लागले, लिहिताना कंटाळा यायला लागला, की पुढच्या पायरीची वेळ झाली.

येशूला हे नुसते बाहेरून माहीत नाही

गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांच्याकडे एकच गोष्ट मागितली: इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. तो परत आला, उठवले, पुन्हा गेला. ते पुन्हा झोपले. तिसऱ्यांदाही तेच. मत्तय २६. त्याच रात्री यहूदाने चुंबन घेऊन धरून दिले, सगळे शिष्य पळाले, आणि पेत्राने आगीच्या उजेडात ओळख नाकारली. आजारपणात कोणी आले नाही, कोर्टात साक्ष द्यायला कोणी उभे राहिले नाही, हे दुःख ज्याच्यापुढे मांडतो तो या सगळ्यातून गेलेला आहे. इब्री ४:१५ म्हणते त्याप्रमाणे, आपल्या दुर्बलतेविषयी ज्याला सहानुभूती वाटत नाही असा आपला प्रमुख याजक नाही.

पण मला यापेक्षाही उपयोगाचे वाटते ते योहान २:२४-२५. यरुशलेमेत पुष्कळांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, तरी तो त्यांच्या हवाली झाला नाही, कारण माणसाच्या मनात काय असते हे त्याला ठाऊक होते. आणि हे ठाऊक असूनही तो माणसांच्या घरी जेवला, मित्राच्या कबरेशी रडला, बारा जणांचे पाय धुतले, त्यांत यहूदाचेही. त्याने माणसांवर जीव लावला, पण आपला आधार पित्यात ठेवला. आपण बहुतेक वेळा आधारच माणसात ठेवतो आणि तो हलला की सगळेच कोसळते. पाच मिनिटे डोळे मिटून गेथशेमानेचा प्रसंग मनासमोर आणा आणि झोपलेल्यांच्या जागी आपल्या माणसाला बसवा. येशूने त्यांना काय म्हटले ते आठवा: आत्मा उत्सुक आहे खरा, पण देह अशक्त आहे. हे वाक्य प्रत्येक अपराधाला लागू होत नाही. कुठे होते आणि कुठे नाही, ते आता पाहायचे.

नेमके काय झाले, ते वेगळे करा

सगळी निराशा एका जातीची नसते, आणि औषधही एक नसते. झोपलेले शिष्य अशक्त होते; त्यांच्या मनात वाईट नव्हते. उत्पत्ती ४० मधला प्यालेबरदार तुरुंगातून सुटला आणि योसेफाला विसरून गेला, पुरी दोन वर्षे. तोही दुष्ट नव्हता, स्वतःच्या सुखात होता. आपल्याला न फिरकणारे, फोन न करणारे बहुतेक लोक या दोन जातींचे असतात. इथे स्वतःला एक प्रश्न विचारावा: मला हे हवे होते, ते मी त्यांना शब्दांत सांगितले होते का? ‘त्यांना कळायला नको का?’ असे म्हणून आपण वाट पाहतो. येशूने वाट पाहिली नाही, ‘जागे राहा’ असे तोंडाने सांगितले होते.

यहूदा वेगळा. त्याने ठरवून, मोल घेऊन केले. आणि शौल आणखी वेगळा: त्याने दावीदावर भाला फेकला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मारहाण, धमकी, मुलांशी घाणेरडे वागणे, घरातून हाकलणे, हे सगळे शौलाच्या भाल्यात येते. तुमचे प्रकरण असे असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठी नाही. दावीद शौलाशी एकांतात बोलायला गेला नाही, तो रात्रीतून निघाला. तातडीने ११२ वर फोन करा. महिलांसाठी १८१ आहे, लहान मुलांसाठी १०९८. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. ‘सहन कर, ताई, हाच तुझा वधस्तंभ’ असे कोणी म्हटले तर ऐकू नका. पौलाने फटक्यांपूर्वी आपले रोमी नागरिकत्व सांगितले होते आणि नंतर कैसराकडे दाद मागितली होती.

त्या माणसाकडे जा, एकटे

मत्तय १८:१५ मध्ये येशू सांगतो: तुझ्या भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, तुम्ही दोघेच असताना त्याचा दोष त्याला दाखव. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. मंडळी तिसऱ्या जागी आहे, हे ध्यानात घ्या.

जागा निवडताना विचार करा. उपासनेनंतर चर्चच्या आवारात नको, तिथे दहा कान असतात. लग्नघरात नको. त्याच्या बायकोमुलांसमोर नको. गंगापूर रोडवर एखाद्या हॉटेलात दुपारी चारला चहा घेता येतो. टेबलावर बसलो की आवाज आपोआप खाली राहतो. जाण्याआधी वहीतली दुसरी ओळ वाचा आणि तीच बोला.

‘दादा, मला भांडायचे नाही. कागद परस्पर झाले तेव्हा मला वाटले, आता या घरात माझे कोणी नाही. तू असे का केलेस, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचे आहे.’

एवढे बोलून गप्प बसा. सगळ्यांत अवघड तेच आहे. ‘तू नेहमीच असा’, ‘वहिनीनेच तुझे कान भरले’, ‘बाबा असते तर’, ही तीन वाक्ये घरी ठेवून जा. त्याने कारण सांगितले तर ऐका. कधी आपल्याला अर्धीच गोष्ट ठाऊक असते. त्याने उडवून लावले तर ‘बरे, मी पुन्हा बोलेन’ म्हणून उठा. रोमकरांस १२:१८ मध्ये पौल फार प्रामाणिकपणे दोन अटी घालतो: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके, सर्वांशी शांतीने राहा. तुमच्याकडून झाले असेल तर उरलेल्याचा जाब तुम्हाला कोणी विचारणार नाही.

मोठ्या वयाच्या माणसाशी, सासऱ्यांशी किंवा काकांशी असे बोलणे आपल्याकडे उद्धट समजले जाते. तिथे आधी पत्र लिहावे. हाताने लिहिलेले, एका पानाचे.

क्षमा आज, भरवसा हळूहळू

या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे किती विश्वासणारे होरपळतात. क्षमा केली म्हणजे पुन्हा पहिल्यासारखे वागायचे, पुन्हा पैसे द्यायचे, पुन्हा किल्ली हातात द्यायची, असे त्यांना वाटते. ते जमत नाही, मग आपण क्षमाच केली नाही या अपराधी भावनेने ते प्रभुभोजनालाही जात नाहीत.

शास्त्र असे सांगत नाही. गुहेत शौल हाती सापडला तेव्हा दावीदाने त्याला सोडले. शौल रडला, त्याला ‘माझ्या मुला’ म्हणाला. १ शमुवेल २४ चे शेवटचे वचन पाहा: शौल आपल्या घरी गेला आणि दावीद आपल्या गडावर. सूड सोडला, पण तो शौलाबरोबर गेला नाही. योसेफानेही भावांना ओळखल्याबरोबर मिठी मारली नाही. त्याने त्यांना पारखले, शिमोनाला ठेवून घेतले, बन्यामिनाच्या गोणीत प्याला ठेवला. ‘त्याच्याऐवजी मला ठेवा’ असे त्या भावांतला यहूदा म्हणाला, ज्या यहूदाने पूर्वी योसेफाला विकण्याची कल्पना काढली होती, तेव्हा योसेफाला आवरेना. भाऊ बदलले होते, हे त्याने पाहून घेतले.

क्षमा म्हणजे सुडाचा हिशेब देवाच्या हाती देणे. रोमकरांस १२:१९ मध्ये हेच आहे. ती आज करता येते. रोजच्या प्रार्थनेत त्या माणसाचे नाव घेऊन एकच ओळ म्हणा: ‘प्रभू, याचा न्याय तू कर, मी करणार नाही, याचे बरे कर.’ पहिले काही दिवस शेवटचे तीन शब्द घशात अडकतील. तरी म्हणा. सत्तर वेळा सातचा अर्थ मला असाच उमगला आहे: एकाच अपराधाची क्षमा पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण तो आठवतो पुन्हा पुन्हा.

भरवशाचे तसे नाही. आपल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर तो घड मागत नाही, काडी तयार होऊ देतो, घड धरतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मोडलेल्या नात्यातही पहिला हंगाम काडीचा असतो. वेळेवर येतो का, बोलला तेवढे करतो का, एवढेच पाहा.

पैशांबाबत मुद्दाम लिहिते, कारण मंडळीत त्यावरून फार तुटते. पैसे परत मागणे म्हणजे सूड नव्हे. १ करिंथकरांस ६ मध्ये पौल भावाभावांनी कोर्टात जाण्यावर रागावतो, पण तिथेच विचारतो की तुमच्यात निवाडा करणारा एकही शहाणा माणूस नाही का? म्हणून आधी दोघांना मान्य असलेले एक-दोन वडीलधारे बसवा आणि जे ठरेल ते तारखेसह कागदावर घ्या. त्यातूनही झाले नाही तर वकील गाठा. उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो, प्रार्थना करत बसलो म्हणून मुदत थांबत नाही. आणि रक्कम सोडून द्यायची असेल तर मनापासून, तोंडाने सांगून सोडा. ‘राहू दे’ म्हणून वर्षानुवर्षे मोजत बसण्यात ना पैसा मिळतो ना शांती.

मंडळीनेच दुखावले असेल तर

हे दुखणे सगळ्यांत खोल जाते, कारण आपण जिथे सांत्वन घ्यायला जातो तीच जागा दुखरी होते. मुलीच्या लग्नावरून कुजबूज, कमिटीच्या निवडणुकीतले गट, पाळकसाहेबांनी प्रवचनात आपले नाव न घेता आपल्यालाच मारलेला टोमणा, घरच्या दफनविधीला आलेली मोजकी डोकी. उपासनेला गेले की गाणी तीच, माणसे तीच, आणि हृदय बंद.

देवाचे काम करणारे माणूस खरोखर देवाचे असू शकते आणि तरी त्याच्या हातून जवळच्याचे काळीज फाटू शकते. १० फेब्रुवारी १८९५ ला ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने आभाळ कोसळले. पुढे काही वर्षे त्या पदरी लहान मुलगा घेऊन पतीपासून वेगळ्या राहिल्या. टिळकांची गीते आपण आजही उपासनेत गातो, त्यांनी आपले डोळे पुसले जातात. आणि त्याच माणसाच्या निर्णयाने त्याच्या बायकोचे डोळे किती गळले हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी एकत्र धरता आल्या पाहिजेत. लक्ष्मीबाई ख्रिस्ताकडे आल्या त्या १९०० मध्ये, आपल्या वेळेने, स्वतःची खात्री पटल्यावर. दुखावलेल्या माणसाला ‘लवकर सावर, लवकर परत ये’ असे म्हणणाऱ्यांनी ही पाच वर्षे आठवावीत.

प्रत्यक्षात काय करावे? दुखावणारा विश्वासणारा असेल तर मत्तय १८ ची वाट वर दिली आहेच. पाळकांविषयी तक्रार असेल तर आधी पाळकांनाच भेटा. त्यानंतर पास्टोरेट कमिटी, त्यानंतर बिशपांचे कार्यालय, आणि प्रत्येक वेळी लेखी. कॅथलिक असाल तर दुसऱ्या धर्मग्रामातल्या फादरांकडे पापनिवेदनाला जाता येते. तिथे बोललेले ते कुठेही सांगू शकत नाहीत. प्रॉटेस्टंट पाळकांशी बोलताना सुरुवातीलाच विचारून घ्या: ‘हे तुमच्यापाशीच राहील ना, साहेब? बाईंनाही नको.’ असे विचारण्यात अपमान नाही. गुन्हा घडला असेल, विशेषतः मुलांच्या बाबतीत, तर आधी पोलीस. मंडळीचे नाव खराब होईल हे कारण देवाला चालत नाही.

उपासना सोडावी का? काही आठवडे दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसणे मला गैर वाटत नाही. नाशिकमध्ये ते सोपे आहे: शरणपूरला सेंट अँड्र्यूज आहे, नाशिकरोडला कॅथलिकांचे सेंट अॅन्स कॅथेड्रल, देवळालीच्या बाजूला आणखी चर्चेस. पण आपल्या एका माणसाला सांगून जा की मी कुठे जाते आहे आणि किती दिवस. न सांगता गेले की परतीची वाट बंद होते, कारण मग परत येणे म्हणजे दहा जणांना उत्तर देणे. परत याल तेव्हा घंटा झाल्यावर या, आशीर्वादानंतर चहाला न थांबता निघा. दोन-तीन रविवारांत लोकांची नजर सवयीची होते. आणि उपासना तोंडातून निघत नसेल तर फक्त ऐका. शेजारचे तुमच्या वाटणीचे गातात.

पुन्हा माणसांकडे

देवात आधार मिळाला म्हणून माणसांची दारे लावून घेणारे लोक मी पाहते, आणि ते मला विश्वासाचे लक्षण वाटत नाही. शरणपूर ही १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ख्रिस्ती वसाहत. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आणून शिकवले जाई. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. लहानपणी माणसांनीच त्याला माल म्हणून विकले होते. १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा ज्या सोबत्यांनी त्याचा देह महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत आणला त्यांत जेकब होता. तिथल्या झाडावर लिव्हिंग्स्टनचे नाव कोरले ते जेकबने, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाला तो उभा होता. माणसांवरचा विश्वास उडायला त्याच्याइतके कारण आपल्यापैकी कोणाकडे असेल?

कसे परतायचे याचा नमुना २ तीमथ्य ४ मध्ये आहे. पौल तुरुंगात आहे. देमास मला सोडून गेला, असे तो नाव घेऊन लिहितो. आलेक्सांद्र तांबटाने फार वाईट केले, त्याचा हिशेब प्रभू करील, पण तूही त्याच्यापासून जपून राहा. माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी कोणी माझ्या बाजूचे नव्हते. ते त्यांच्याकडे मोजले न जावो. परंतु प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. इतके लिहूनही तो थांबत नाही. त्याच पत्रात दोनदा म्हणतो: लवकर ये, हिवाळ्यापूर्वी ये. त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, पुस्तके आण. आणि मार्काला बरोबर आण, तो मला उपयोगी आहे. हाच मार्क पूर्वी पंफुल्यात अर्ध्या वाटेवर सोडून गेला होता, आणि त्याच्यावरून पौलाचे बर्णबाशी इतके बिनसले होते की दोघे वेगळे झाले.

पौलाने तीमथ्याकडे मागितलेल्या गोष्टी पाहा: झगा, पुस्तके, एक माणूस, आणि मुदत. सगळे नेमके, आणि समोरच्याला झेपेल एवढेच. तुम्हीही तसेच मागा. ज्याने फसवले त्याच्याकडे नव्हे, आणि ज्याच्याकडून सगळेच हवे असते त्याच्याकडेही नव्हे. मंडळीतल्या किंवा शेजारच्या एखाद्या साध्या, शब्दाला जागणाऱ्या माणसाकडे. ‘काकू, गुरुवारी चार वाजता येता का? अर्धा तास बसू. मी स्तोत्र वाचते, तुम्ही प्रार्थना करा. सल्ला नको, फक्त बसा. आणि येताना तुमच्याकडचे उपासना संगीताचे पुस्तक घेऊन या, माझ्या प्रतीची पाने सुटली आहेत.’ त्यांना गुरुवार जमत नसेल तर शुक्रवार विचारा.